मी पडलो, मी पडले

१९९७ च्या उन्हाळ्याच्या सुटीत, सांगलीत आमच्या घरामागच्या गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, मी पहिल्यांदा बाई होऊन खेळलो. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि ती निवड माझी नव्हती. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये काढलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम तिथे होता. त्याचे खरे नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, कारण देशातल्या असंख्य मुलांप्रमाणे आम्हीही त्याला ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखत असू. रुपयाचे नाणे टाकले की चार चेहरे समोर येत: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. मुस्तफा चपळ, मेस अंगाने दांडगा, जॅक सगळ्याच बाबतींत बरा, आणि हॅना हाती लागेल ते हत्यार वापरण्यात तरबेज. मुस्तफासाठी भांडणे होत. हॅनाला कोणी हात लावत नसे. त्या दिवशी दुसऱ्या बाजूची जॉयस्टिक सैल झालेली होती, चौकट हॅनाच्या चेहऱ्यावर अडकून बसली, निवडीची वेळ संपली आणि ती माझ्या वाट्याला आली. मागून कोणीतरी ओरडले, “ह्याला बाई आली!” थोड्याच वेळात माझा पहिला जीव गेला आणि मी म्हणालो, “मेलो!” शेजारी खेळणारा मोठा मुलगा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, “मेलो काय म्हणतोस? मेले म्हण, मेले.”

त्याने ते चिडवण्यासाठी म्हटले होते. मला मात्र त्या वाक्याने जो प्रश्न दिला, तो आज अडतिसाव्या वर्षीही सुटलेला नाही, आणि या लेखात मी त्याच प्रश्नाविषयी लिहिणार आहे. त्या दिवसानंतर मी पुष्कळदा आपणहून हॅना निवडली. पुढे संगणक आला, मग कन्सोल आला, आणि जिथे स्त्री किंवा पुरुष यांपैकी एक निवडता येते तिथे मी बहुतेक वेळा स्त्री निवडत आलो. ते का, हे मला अनेकांनी विचारले आहे. परंतु तसे खेळताना स्वतःविषयी बोलायचे कसे, हे मराठीत खेळणाऱ्या माणसालाच पडणारे कोडे आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आपल्या भाषेची रचना पाहा. ‘मी त्याला मारले’ या वाक्यावरून मारणारा पुरुष आहे की स्त्री, हे कळत नाही. ‘मी दार उघडले’, ‘मी किल्ली शोधली’, ‘मी राक्षसाचे मुंडके उडवले’, या सगळ्या वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्ता झाकलेला राहतो. भविष्यकाळातही ‘मी येईन’, ‘मी लढेन’ असे म्हणून निभावता येते. पण ‘मी पडलो’ किंवा ‘मी पडले’, ‘मी हरलो’ किंवा ‘मी हरले’, ‘मी मेलो’ किंवा ‘मी मेले’, यांत मधला मार्ग नाही. मारताना मराठी आपले लिंग विचारत नाही, मरताना विचारते. इंग्रजीत खेळणाऱ्याला ही अडचण कधी येत नाही, त्याचा ‘मी’ कोणत्याही देहात तसाच राहतो. निन्टेन्डोच्या १९८६ सालच्या ‘मेट्रॉइड’ या गेममध्ये चिलखतात झाकलेला योद्धा ही सेमस ॲरन नावाची स्त्री आहे, हे झटपट गेम संपवणाऱ्यालाच शेवटी दिसे, आणि इंग्रजी माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख पुल्लिंगी केलेला होता. असे गुपित मराठीत ठेवायचे तर एक तर लेखकाला धडधडीत खोटे लिहावे लागेल किंवा सेमसच्या तोंडी एकही ‘मी आलो’ येऊ न देता पुस्तक संपवावे लागेल.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. माझी आजी कोल्हापूरजवळच्या खेड्यातली. ती आयुष्यभर ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असेच बोलली, आणि त्या भागातल्या कितीतरी बायका आजही तसेच बोलतात. त्यांच्या बोलीत त्या रूपाने कोणी पुरुष होत नाही. मी आता लिहितो आहे ती प्रमाण मराठी जो भेद करते, तो सगळ्या मराठीचा नाही, हे मला पार्लरमधल्या त्या मुलाला सांगता आले असते तर बरे झाले असते.

पुरुष खेळाडू स्त्रीपात्र का निवडतात, याचे एक ठरलेले उत्तर आहे: पात्राच्या मागे कॅमेरा असतो, तासन्‌तास कोणाची तरी पाठच पाहायची आहे, तर ती बाईची का नको. हे उत्तर मला कधीच आवडले नाही. त्यात पात्र ही केवळ पाहायची वस्तू होते. शिवाय मला वाटते की, ते देणारे पुष्कळ जण त्याआड काहीतरी अधिक खरे लपवत असतात, कारण ‘मला बाई व्हायला बरे वाटले’ असे मित्रांसमोर म्हणण्यापेक्षा हे म्हणणे सोपे आहे. माझ्यापुरते सांगायचे तर, पार्लरमध्ये मुस्तफा घेणाऱ्याला जिंकावेच लागे. तो हरला की मागे उभे असलेले सगळे त्याचा हिशेब मांडत. हॅना घेणाऱ्याकडून कोणाची काही अपेक्षाच नसे, म्हणून मी चुका करू शकलो, हळू खेळू शकलो आणि शिकलो. पुरुषपात्र हातात आले की त्याच्यासारखे होऊन दाखवण्याचे ओझे माझ्यावर येई; त्याचा राग, त्याचा सूड, त्याचे न रडणे हे सगळे मला उद्देशून दिलेल्या सूचनांसारखे वाटे. हॅनाच्या बाबतीत असे काही नव्हते. मला मिळालेली ही सूट मुळात बायकांकडून कोणी काही अपेक्षा ठेवत नाही या समजुतीतून आलेली होती, हे समजायला मला फार वर्षे लागली.

१९९६ मध्ये इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाइनने ‘टूम रेडर’ हा गेम आणला आणि त्याची नायिका लारा क्रॉफ्ट घरोघरी पोचली. मी मात्र लारा मन लावून खेळलो तो २०१३ चा नवा अवतार. त्यात ती तरुण आहे, अनुभव नसलेली आहे, आणि चूक झाली की तिचे मरण फार क्रूरपणे दाखवले जाते. हा गेम येण्याआधी त्याच्या निर्मात्यांपैकी एकाने मुलाखतीत असे मत मांडले होते की खेळणाऱ्याला लाराच्या जागी स्वतः असल्यासारखे वाटत नाही, तर तिचे रक्षण करावेसे वाटते. त्यावर बरीच टीका झाली, आणि ती योग्य होती. पण मी स्वतःच्या तोंडून निघणारे शब्द ऐकू लागलो तेव्हा मला कबूल करावे लागले की मीही ‘पडली, पडली!’ असेच ओरडत होतो. ती तृतीयपुरुषी होती. कड्यावरून उडी जमली की ‘जमलं मला’, आणि न जमली की ‘पडली’. यशाच्या वेळी मी तिच्यात होतो, अपयशाच्या वेळी तिच्यापासून दूर उभा होतो.

कॅनडातल्या बायोवेअरच्या ‘मास इफेक्ट’ या मालिकेत, म्हणजे २००७, २०१० आणि २०१२ च्या तीन भागांत, मुख्य पात्र असलेला कमांडर शेपर्ड स्त्री किंवा पुरुष असू शकतो. पुरुष शेपर्डला मार्क मीर यांचा आवाज आहे, स्त्री शेपर्डला जेनिफर हेल यांचा, आणि बहुतेक संवाद दोघांचे शब्दशः तेच आहेत. सोबतचे लोक हाक मारतात ती ‘शेपर्ड’ किंवा ‘कमांडर’ अशी, म्हणजे आडनावाने किंवा हुद्द्याने, आणि इंग्रजीत तेवढ्याने काम भागते. २०११ मध्ये बायोवेअरने सांगितले होते की स्त्री शेपर्ड निवडणारे खेळाडू सुमारे १८ टक्के होते. २०२१ मध्ये तिन्ही भाग नव्याने आले तेव्हा कंपनीने दिलेला आकडा ३२ टक्के होता. मी त्या दोन्ही गटांत होतो. हेल यांचा आवाज ऐकताना मी मनात तिचे संवाद मराठीत आणून पाहत असे, आणि पहिल्याच ओळीला अडत असे. ‘मी परत येईन’ हे दोघांचे एकच राहते. ‘मी परत आले’ हे एकटीचे होते. मराठीत ही मालिका लिहायची तर दोन शेपर्डांसाठी दोन संहिता लिहाव्या लागतील, आणि मला वाटते, त्या दोन संहिता लिहिणारा लेखक कुठेतरी नकळत क्रियापदाच्या शेवटापेक्षा अधिक काहीतरी बदलून बसेल.

मी स्वतः तसे केले, तो प्रसंग २०१८ मध्ये आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मधला आहे. गेमचा काळ प्राचीन ग्रीसमधल्या, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाचा. सुरुवातीला कॅसँड्रा आणि ॲलेक्सिऑस या बहीणभावांपैकी एकाला निवडायचे असते. ज्याला निवडत नाही ते भावंड पुढे डेमॉस नावाचा शत्रू होऊन समोर येते. कथेतली घटना अशी: स्पार्टाचा सेनानी निकोलाओस आपल्या मोठ्या अपत्याला ताइगेटॉस पर्वताच्या कड्यावरून खाली टाकून देतो. ते अपत्य वाचते, केफलोनिया बेटावर वाढते, भाडोत्री योद्धा होते आणि पुष्कळ वर्षांनी बापासमोर उभे राहते. तिथे खेळणाऱ्याने ठरवायचे असते की त्याला मारायचे की सोडायचे. मी कॅसँड्रा घेऊन खेळत होतो. मी त्याचे सगळे बोलणे ऐकून घेतले, प्रत्येक संवाद उघडला, आणि त्याला सोडून दिले. मनात आले ते असे: तिने त्याला मारू नये.

साधारण वर्षभराने मी तोच गेम ॲलेक्सिऑस घेऊन पुन्हा सुरू केला. तोच कडा, तोच बाप, तीच वाक्ये, एका शब्दाचाही फरक नाही. या वेळी मी निकोलाओसला अर्धवट बोलू दिले आणि मारून टाकले, आणि मला ते न्याय्य वाटले. कंट्रोलर खाली ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. गेमने दोघांना एकच संहिता दिली होती. फरक करणारा मी होतो. मुलाला सुडाचा हक्क आणि मुलीकडून क्षमेची अपेक्षा, असा नियम मी कोणालाही न विचारता लागू केला होता. वीस वर्षे स्त्रीपात्रे खेळून आपल्याला बायकांविषयी काही समजले आहे असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मी माझ्याच अपेक्षा कॅसँड्राच्या अंगावर चढवत आलो होतो. याच गेममध्ये कॅसँड्रा ऑलिंपियाच्या क्रीडास्पर्धेत पँक्रेशन, म्हणजे कुस्ती आणि ठोसे यांचा मिळून होणारा खेळ, खेळते. प्रत्यक्ष इतिहासात त्या मैदानात उतरण्याची स्त्रियांना परवानगी नव्हती. गेम तिला तिथे सहज उतरू देतो, आणि ते पाहताना मला आनंद होतो. पण तो देह माझ्या हाती येताना त्याच्यावरची बंधने गळून पडलेली असतात, हेही मी आता विसरत नाही.

हा विषय निघाला की कोणी ना कोणी बालगंधर्वांचे नाव घेते. नारायण श्रीपाद राजहंस यांनी उभ्या केलेल्या स्त्रिया हा आपल्या रंगभूमीचा मोठा ठेवा आहे, पण माझ्या अनुभवाशी त्याचे नाते मला फारसे जाणवत नाही. नटासमोर प्रेक्षक बसलेले असतात, तो त्यांच्यासाठी स्त्री होतो. मी रात्री एकटा खेळतो आणि मला कोणी पाहत नाही. मला त्यापेक्षा जवळची वाटते ती ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांची आणि एकनाथांच्या गौळणींची परंपरा, जिथे पुरुष संतकवी स्त्रीच्या तोंडून बोलतो आणि क्रियापदेही तिचीच वापरतो. लहानपणी गावच्या सप्ताहात मी मिशीवाल्या, शेतात राबणाऱ्या माणसांना हातात टाळ घेऊन गौळणी म्हणताना ऐकले आहे. ‘मी गेले’, ‘मी भुलले’ असे म्हणताना त्यांच्यापैकी एकाचाही आवाज अडखळत नसे, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी हसत नसे. त्याच गावातला मुलगा पार्लरमध्ये मात्र ‘मेले म्हण’ हे चिडवायला वापरी.

माझ्या तोंडून ते रूप आपोआप निघाले ते ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ खेळताना. हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला आहे. २०२० मध्ये तो आला आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती हिंदी आवाजासह आली. राजी ही खेळ करून दाखवणाऱ्या फिरत्या मंडळींतली मुलगी. असुर मुलांना पळवून नेतात, त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलूही असतो, आणि दुर्गेचा त्रिशूळ हाती घेऊन ती त्याला शोधायला निघते. ती भिंतीवर धावत चढते, खांबाला धरून गरकन फिरते आणि त्या फिरण्यातूनच वार करते. मल्लखांब पाहत वाढलेल्या माणसाला तिची ती गिरकी परकी वाटत नाही. मी आधी इंग्रजीत खेळलो होतो. हिंदी आवृत्तीत ती ‘मैं आ रही हूँ’ याच रूपात स्वतःविषयी बोलते, आणि दोन-तीन तास ते कानांवर पडल्यावर एका उंच कठड्यावरून माझी उडी चुकली आणि मी म्हणालो, “अरेरे, पडले.” मी ते ठरवून म्हटले नव्हते. शेजारच्या खोलीतून बायकोने विचारले, “कोण पडलं?” मी “काही नाही” म्हणालो, पण तो शब्द मला दिवसभर पुरला. लाराच्या वेळची ‘पडली’ आणि राजीच्या वेळचे ‘पडले’ यांत माझ्या हिशेबाने फार मोठे अंतर आहे: पहिल्यात मी तिचा राखणदार होतो, दुसऱ्यात पडण्याचा अपमान आणि पुन्हा उठण्याची घाई माझी स्वतःची होती.

२०१४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमच्या ३७५ खेळाडूंवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २३ टक्के पुरुष आणि ७ टक्के स्त्रिया स्वतःहून वेगळ्या लिंगाचे पात्र घेऊन खेळल्या. स्त्रीपात्र घेतलेले पुरुष बोलताना अधिक भावनादर्शक शब्द आणि उद्गारचिन्हे वापरत, पण त्यांच्या हालचाली बदलत नसत. ते इतरांपासून अंतर राखून उभे राहत आणि उड्या फार मारत. भाषा बदलली, चाल तीच राहिली. हे वाचताना माझे लक्ष त्या ७ टक्क्यांकडे गेले, कारण त्यांच्यासारखी एक माझ्या नात्यातच आहे.

माझी भाची अकरावीत आहे. ती बीजीएमआय, म्हणजे २०२१ मध्ये भारतात आलेला बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा चौघांच्या टीमने खेळायचा गोळीबाराचा गेम, खेळते आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळते. तिचे पात्र पुरुषाचे आहे: दाढी, काळे जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण. तिने ते का निवडले हे मी विचारले तेव्हा तिने फारशी प्रस्तावना केली नाही. “मामा, मुलीचं कॅरॅक्टर घेऊन माइक चालू केला ना, की कोणी खेळतच नाही. नंबर मागतात, नाही दिला तर शिव्या देतात, आणि मग आपल्याच टीमचे लोक मुद्दाम गाडी अंगावर घालतात.” म्हणून ती माइक बंद ठेवते. पण लिहून बोलावे लागतेच, आणि तिथे आपली भाषा तिला पकडून देते. एकदा घाईत तिने ‘आले’ असे लिहिले आणि शेवटच्या एका स्वरावरून उरलेल्या तिघांना कळले. त्यानंतर ती जपून लिहू लागली. ‘मारलं’ चालते, ‘बघ’ चालते, ‘येईन’ चालते. हिंदीत भविष्यकाळही लिंग सांगतो, म्हणून तिथे ती तयार इंग्रजी संदेशांची बटणे दाबते. मी वर व्याकरणाची जी मांडणी केली, ती या मुलीने कोणाच्याही मदतीशिवाय, स्वतःला वाचवण्यासाठी करून ठेवलेली होती. मी ‘पडले’ म्हणालो तेव्हा ती माझी हौस होती, त्याची किंमत मला कोणी मागितली नाही. तिने ‘आले’ लिहिले तेव्हा तिला त्याच वेळी गेम बंद करावा लागला.

गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे राहायला आली होती. आम्ही दोघे एकाच सोफ्यावर बसून, दोन फोनवर, एका टीममधून खेळलो. उरलेले दोघे अनोळखी होते. माझे पात्र नेहमीप्रमाणे स्त्रीचे होते आणि माझा माइक चालू होता. त्या दोघांनी माझा आवाज ऐकला आणि पात्राकडे लक्षही न देता मला ‘भाऊ’ म्हणायला सुरुवात केली. तिचा माइक बंद होता. गेममधल्या एरँगेल या नकाशावर एका पडक्या घरामागे गोळी लागून ती नॉक झाली, म्हणजे सोबत्याने येऊन उचलेपर्यंत जमिनीवर पडली, तेव्हा मी माझा माइक बंद केला. ती माझ्या कानाशी ओरडली, “आई गं, नॉक झाले! मामा, ये ना लवकर!” तिचे अंगठे त्याच वेळी पडद्यावर चालत होते. मी खाली पाहिले तर संदेश आलेला होता: ‘नॉक झालो’. माझ्या पडद्यावरची बाई तिच्या पडद्यावरच्या पुरुषाला उचलायला धावत निघाली.